आधी पैसे की आधी सामान?

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मी एका ताईंचे अडतीस डॉलर देणं लागत होते, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

अमेरिकेच्या मिडवेस्टमधलं युनिव्हर्सिटीचं छोटं गाव. वीस-बावीस मराठी कुटुंबं आणि आम्ही काही विद्यार्थी. या ताई सौंदर्यप्रसाधनांच्या एका कंपनीच्या कन्सल्टंट होत्या. महिन्यातून एकदा ग्रुपवर कॅटलॉगचे फोटो यायचे. आपल्याला हवं त्याच्याखाली '+१' टाकायचं. सगळ्यांची मिळून एकच ऑर्डर गेली की शिपिंग वाचायचं. मग पंधरा दिवसांनी कुणाच्या तरी वाढदिवसाला आपली पिशवी हातात पडायची. आणि पैसे? "देशील गं सावकाश." मी दोनदा सामान घेतलं आणि एकदाच पैसे दिले. दुसऱ्यांदाही दिले असं मी मनात धरून चालले होते.

पुढे त्या माझ्याशी जरा तुटक वागायला लागल्या. मला वाटलं, पॉटलकला मी दरवेळी विकतच्या पोळ्या नेते म्हणून असेल. चार महिन्यांनी एका मैत्रिणीकडून खरं कारण कळलं. मी त्याच रात्री पैसे पाठवले, माफी मागितली. त्यांनी "अगं, विसरलेच होते मी" असं उत्तर दिलं, जे आम्हा दोघींनाही खोटं आहे हे ठाऊक होतं. त्यानंतर मला कॅटलॉग आला नाही आणि मीही त्यांच्या घरी फारशी गेले नाही.

मी आता पैसा आणि ओळखी यांच्या गुंत्यावरच काम करते, त्यामुळे हा प्रसंग मला वरचेवर आठवतो. तुमच्यापैकी काहीजण असं काम करत असाल, नाहीतर तुमची बायको, बहीण किंवा रूममेट करत असेल. बरेचजण तर अशा कुणाकडून तरी काहीतरी घेतच असाल. मेकअप, डबे, मेणबत्त्या, व्हिटॅमिन, मसाल्याचे किट. कंपनी कुठलीही असो, प्रश्न एकच: पैसे आणि सामान यांच्यामध्ये जो वेळ जातो, त्या वेळात कोण कुणावर विश्वास ठेवून बसलेलं असतं?

दुकानात हा वेळ जवळजवळ शून्य असतो. एका हाताने घ्यायचं, एका हाताने द्यायचं. डायरेक्ट सेलिंगमध्ये ऑर्डर आज, माल दोन आठवड्यांनी आणि पैसे मधे कधीतरी. म्हणजे कुणीतरी आधी हात मोकळा करायला हवा. तो कुणी करायचा याची उत्तरं कंपन्यांनी वेगवेगळी काढली.

सगळ्यात जुनं उत्तर आज एव्हॉन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीचं. डेव्हिड मॅकॉनेल हा दारोदार पुस्तकं विकणारा माणूस. १८८६ साली त्याने न्यूयॉर्कमध्ये कॅलिफोर्निया परफ्यूम कंपनी काढली. त्याच्या प्रतिनिधी प्रामुख्याने लहान गावांतल्या बायका. त्या नमुने दाखवून ऑर्डरी लिहून घ्यायच्या, कंपनीला पाठवायच्या, माल आला की घरोघर पोचवून पैसे गोळा करायच्या आणि आपलं कमिशन ठेवून उरलेले कंपनीला पाठवायच्या. इथे कंपनीने आपल्या प्रतिनिधीवर विश्वास टाकला आणि प्रतिनिधीने गिऱ्हाइकावर. साखळीतली मधली कडी म्हणजे ती बाई. गिऱ्हाईक ऐनवेळी "नको" म्हणालं तर अत्तराची बाटली तिच्याच गळ्यात.

मेरी के ॲश यांनी १९६३ मध्ये डॅलसमध्ये कंपनी काढली तेव्हा उलटा रस्ता धरला. कंपनी उधार देणार नाही. कन्सल्टंटने माल आधी पैसे भरून घाऊक भावात घ्यायचा, घरी ठेवायचा आणि समोरच्याला तिथल्या तिथे द्यायचा. गिऱ्हाइकाच्या बाजूने हे उत्तम. पैसे दिले, डबी हातात. पण सगळी जोखीम कन्सल्टंटच्या कपाटात जाऊन बसते. कोरोनाच्या आधी मी एका घरात असं कपाट पाहिलंय. तीन खण नुसते फाउंडेशनचे, आणि त्यातल्या निम्म्या छटा आपल्याकडच्या कुणाच्याच रंगाला न जुळणाऱ्या. म्हणूनच अमेरिकेतल्या डायरेक्ट सेलिंग असोसिएशनच्या आचारसंहितेत एक कलम आहे: सदस्य कंपनीने, काम सोडणाऱ्या विक्रेत्याकडून, गेल्या बारा महिन्यांत घेतलेला आणि विकण्याजोगा माल निदान ९० टक्के किमतीला परत घ्यायला हवा. हे कलम बऱ्याच जणींना कपाट भरल्यावर कळतं.

टपरवेअरची गोष्ट तिसरीच. १९५१ च्या सुमारास ब्राउनी वाइज यांच्या आग्रहावरून कंपनीने दुकानांतली विक्री थांबवली आणि सगळा भर घरगुती पार्ट्यांवर दिला. ऑर्डर पार्टीत लिहायची, माल नंतर यायचा. ही मधली पोकळी भरून काढायची ती यजमानीण. तुम्ही तिच्या सोफ्यावर बसून, तिचा चहा पिऊन ऑर्डर दिलेली. आता पैसे बुडवले तर विक्रेतीचे नाही, शेजारणीचे बुडवल्यासारखे. तारण म्हणून शेजारधर्म.

हे सगळं आपल्याला परकं आहे असं नाही. आमच्या आजीच्या वाड्यात एक बाई साड्यांचं गाठोडं घेऊन यायच्या. साडी आज न्या, पैसे दरमहा हप्त्याने. त्यांच्याकडे एक लांबुडकी वही असायची, प्रत्येकीचं एक पान. हप्ता दिला की त्या पानावर आकडा लिहायच्या आणि वही फिरवून समोरच्या बाईला दाखवायच्या. ज्यांना वाचता यायचं नाही त्यांनाही दाखवायच्या. लहानपणी मला ते उगीचच वाटायचं. आमच्या ताईंकडे व्हॉट्सॲप होतं, स्प्रेडशीट होती, दोन पदव्या होत्या. पण फिरवून दाखवायची वही नव्हती. ती असती तर माझे अडतीस डॉलर चार महिने राहिलेच नसते.

आज बऱ्याच कंपन्या कन्सल्टंटला वेबपेज देतात. गिऱ्हाईक तिथे कार्ड टाकतं, माल थेट घरी येतो, कमिशन तिच्या खात्यात. विश्वासाचा प्रश्न कंपनी आणि कार्डवाले बघून घेतात. मग भानगड होते कुठे? आपल्या मंडळांत लोक त्या पेजवर जातच नाहीत. एकत्र ऑर्डर केली की शिपिंग वाचतं, ठरावीक रकमेवर भेटवस्तू मिळते, आणि "वेबसाइट कशाला, मी तुला सांगितलंय ना" हा सूर असतोच. म्हणजे १८८६ चं मॉडेल, फक्त रेल्वेच्या जागी यूपीएस.

यात सगळ्यात जास्त नडते ती भीड. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण आपल्याकडे उगीच नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९८५ मधला एक प्रसिद्ध निबंध आहे. बाजारातले व्यवहार ओळखीपाळखीच्या जाळ्यात रुतलेले असतात आणि त्या जाळ्यातूनच विश्वास तयार होतो, असं ते म्हणतात. पण लोक हा निबंध सांगताना दुसरा भाग गाळतात: त्याच विश्वासामुळे फसवणुकीलाही जास्त वाव मिळतो. माझी त्यात एक भर. फसवायचा हेतू नसला तरी घोळ व्हायलाही ओळखीतच जास्त वाव असतो, कारण ओळखीत कुणी विचारत नाही. परक्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशी मेसेज जातो. मैत्रिणीला चार महिने जात नाही, आणि मग बोलणं बंद होतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: पैसे आल्याशिवाय ऑर्डर कंपनीकडे टाकू नये. अगदी सख्ख्या मैत्रिणीचीही. हे उद्धटपणाचं वाटत असेल तर नियम स्वतःच्या नावावर न ठेवता तारखेच्या नावावर ठेवा. "रविवारी रात्री ऑर्डर बंद. तोपर्यंत ज्यांचे पैसे आले त्यांचं सामान या खेपेत, बाकीच्यांचं पुढच्या." सगळ्यांना एकच मेसेज, त्यामुळे कुणाला एकटीला मागितल्यासारखं होत नाही. पहिल्या महिन्यात दोघी-तिघी नाक मुरडतील. तिसऱ्या महिन्यात रविवारी संध्याकाळी पैसे आपोआप यायला लागतात.

'+१' ही ऑर्डर नव्हे, हेही मान्य करून टाका. लिपस्टिकच्या एका फोटोत सहा छटा असतात. ऑर्डर म्हणजे वस्तूचं नाव, छटा किंवा आकार, नग, किंमत, टॅक्स, शिपिंगचा वाटा, एकूण रक्कम आणि अंदाजे कधी मिळेल ते, असं सगळं प्रत्येकीला वेगळ्या मेसेजमध्ये लिहून, तिचं "हो" येणं. टॅक्सची ओळ तर हमखास दाखवावी. बऱ्याच कंपन्या सेल्स टॅक्स कॅटलॉगमधल्या पूर्ण किमतीवर आकारतात, तुम्ही स्वतःच्या खिशातून सवलत दिली तरी. गिऱ्हाइकाला वाटतं ताईंनी वर दोन डॉलर लावले. आणि एकत्र ऑर्डरवर मिळालेली भेटवस्तू कुणाची, हे आधीच सांगून ठेवा. मी ठेवणार असेन तर "मी ठेवणार आहे" असं म्हणावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लपवलेल्या टोट बॅगवरून मोडलेली मंडळं मला माहीत आहेत.

आधी घेतलेले पैसे माल पोचेपर्यंत तुमचे नसतात. ते किराण्याच्या खात्यात गेले की गेले. या कामापुरतं एक वेगळं चेकिंग खातं काढणं हा अर्ध्या तासाचा उद्योग आहे. पुढे एप्रिलमध्येही ते कामाला येतं. अमेरिकेच्या करकायद्यात डायरेक्ट सेलर हा कंपनीचा नोकर नसून स्वतंत्र व्यावसायिक धरला जातो, आणि वर्षाची निव्वळ कमाई ४०० डॉलर झाली तरी सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सचा फॉर्म भरावा लागतो.

इथेच व्हिसाचंही बोलून घेते, कारण पॉडकास्टच्या इनबॉक्समध्ये हा प्रश्न येतो. "घरबसल्या छंद आहे" असं कुणी कितीही सांगितलं तरी कमिशन घेऊन विकणं हे कामच. एच-४ वर असाल आणि ईएडी नसेल, किंवा एफ-१ वर असाल आणि या कामाची परवानगी नसेल, तर यात पडू नका. तुम्हाला गळ घालणारी व्यक्ती तुमच्या इमिग्रेशनच्या फाइलची जबाबदारी घेणार नसते. आणि मालापेक्षा माणसं जोडण्यावरच पैसे मिळत असतील, तर पुढचं काहीही वाचायची गरज नाही. त्या योजनेत पावत्या कितीही नीट ठेवल्या तरी उपयोग नाही.

आता पैसे येण्याचे मार्ग. इथे जरा थांबू या, कारण इथे फक्त मैत्री नाही, घरचे पैसेही जातात.

झेल २०१७ मध्ये आलं आणि आपल्या मंडळांचं ते लाडकं. पैसे मिनिटांत बँकेत, फी नाही. विकणारीच्या दृष्टीने रोखीच्या खालोखाल. पण घेणाऱ्याला त्यात काहीच संरक्षण नाही. स्वतःहून पाठवलेले पैसे परत आणायचे तर समोरच्याची मर्जी. म्हणून ओळखीत ठीक, अनोळखी विक्रेत्याला नको. आणि विकणारीने एक करायचं: "पैसे पाठवलेत, स्क्रीनशॉट बघ" यावर न जाता स्वतःचं बँक ॲप उघडून बघायचं. स्क्रीनशॉट कुणीही बनवतो. 'तुमचं खातं बिझनेसचं नसल्यामुळे रक्कम अडकली आहे, आधी तुम्ही अमुक भरा' अशी ईमेल आली तर ती फसवणूकच.

पेपॅल आणि व्हेन्मोमध्ये दोन दारं आहेत. एक मित्रमंडळींना पैसे द्यायचं, दुसरं वस्तू-सेवेचं. दुसऱ्या दाराने गेलं तर विकणारीला फी पडते, पण सामान आलं नाही तर घेणाऱ्याला तक्रार करता येते. पहिल्या दाराने ते संरक्षण नाही. पुष्कळ कन्सल्टंट फी वाचवायला "फ्रेंड्सवाल्याने पाठव" म्हणतात. तसं करणं कंपनीच्या नियमांविरुद्ध आहेच, शिवाय त्या एका वाक्यात तुम्ही गिऱ्हाइकाचा हक्क आपल्या एक-दोन डॉलरसाठी काढून घेता. फी किमतीत धरा.

क्रेडिट कार्ड घेणाऱ्यासाठी सगळ्यात भक्कम. १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्टमुळे, न मिळालेल्या मालाबद्दल स्टेटमेंट आल्यापासून ६० दिवसांत कार्ड कंपनीकडे लेखी हरकत घेता येते. विकणारीसाठी याचा अर्थ, आलेले पैसे परत जाऊ शकतात. तेव्हा पोच दिल्याचा पुरावा हवा: ट्रॅकिंग नंबर, निदान "मिळालं" असा मेसेज. एक जुनी सवय मात्र मोडा. ऑर्डरच्या कागदावर गिऱ्हाइकाचा कार्ड नंबर आणि मागचे तीन आकडे लिहून घेणं, किंवा व्हॉट्सॲपवर मागवणं. तो कागद हरवला तर जबाबदार कोण, याचा विचार करा. लिंक पाठवा, तिला स्वतः टाकू दे.

आणि चेक. सगळ्यात साळसूद दिसणारा आणि सगळ्यात धोक्याचा. प्रकार असा असतो: अनोळखी बाईचा मेसेज येतो, पुतणीच्या लग्नासाठी चाळीस गिफ्ट सेट हवेत. कन्सल्टंट हरखते, महिन्याचं टार्गेट एका ऑर्डरीत. चेक येतो तो जास्त रकमेचा. "चुकून जास्तीचा लिहिला, वरचे नऊशे माझ्या ड्रायव्हरला पाठवून दे." ती चेक भरते, दोन दिवसांत पैसे खात्यात दिसतात, ती नऊशे पाठवते. दहा-बारा दिवसांनी चेक खोटा निघतो, बँक सगळी रक्कम परत काढून घेते, आणि ड्रायव्हरला गेलेले नऊशे तिच्याच खिशातले असतात.

ही चलाखी चालते ती एका कायद्याच्या बारकाव्यावर. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने बँकांना सक्ती केली की चेकचे पैसे ठरावीक दिवसांत ग्राहकाला वापरू द्यायचे. लोकांच्या सोयीसाठीच केलं, कारण त्याआधी बँका दिवसेंदिवस पैसे अडवून ठेवायच्या. पण पैसे 'वापरायला मिळाले' आणि चेक 'वटला' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खात्यात आकडा दिसला म्हणजे चेक खरा, असं नाही. कॅशियर्स चेक असला तरी नाही, तोही छापता येतो. जास्तीची रक्कम देऊन उरलेले परत मागणारं खरं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही.

घोळ परतीच्या वेळीही होतो. मैत्रिणीने क्रीम उघडलं, पुरळ आलं, परत द्यायचंय. कंपनीची हमी असेल तर तिचे पैसे द्या आणि तुम्ही कंपनीकडून बदली घ्या. या मधल्या काळात तुमचे पैसे अडकतात, तो या कामाचा खर्च समजायचा. मालच वेळेत आला नाही तर? फोनवरून किंवा इंटरनेटवरून घेतलेल्या ऑर्डरीसाठी फेडरल ट्रेड कमिशनचा नियम आहे: सांगितलेल्या मुदतीत, आणि मुदत सांगितली नसेल तर ३० दिवसांत माल रवाना व्हायला हवा, नाहीतर थांबायला गिऱ्हाइकाची संमती घ्या किंवा पैसे परत करा. "कंपनीकडूनच उशीर झालाय, मी काय करू" हे गिऱ्हाइकासमोर चालत नाही, कारण तिने पैसे तुम्हाला दिलेत.

घरी येऊन केलेल्या विक्रीसाठी याच कमिशनचा आणखी एक नियम आहे, 'कूलिंग-ऑफ रूल'. गिऱ्हाइकाच्या घरी २५ डॉलर किंवा जास्तीची विक्री झाली, तर तिसऱ्या कामाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत तिला कारण न देता व्यवहार रद्द करता येतो. शनिवार कामाचा धरतात, रविवार आणि फेडरल सुट्ट्या नाही. विकणारीने हा हक्क तोंडी सांगायचा, पावती द्यायची आणि रद्द करण्याच्या फॉर्मच्या दोन प्रती द्यायच्या. रद्द केल्यावर दहा कामाच्या दिवसांत पैसे परत. इंग्लंडमध्ये असाल तर २०१३ च्या नियमांनुसार दुकानाबाहेर केलेल्या ४२ पौंडांवरच्या विक्रीला माल मिळाल्यापासून १४ दिवस मिळतात, मात्र सील फोडलेली प्रसाधनं त्यातून वगळलेली आहेत.

अमेरिकेच्या नियमातली एक ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा दोनदा वाचली. विक्रीचं बोलणं मुख्यतः ज्या भाषेत झालं, त्याच भाषेत पावती हवी. म्हणजे मराठीत गप्पा मारून, मराठीत "ही छटा तुला शोभेल गं" म्हणून विकलं, तर पावती मराठीत. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर स्पॅनिश होती, हे उघड आहे. पण शब्द आपल्यालाही लागू आहेत.

गेल्या वर्षी हे काम करणाऱ्या एका मैत्रिणीसाठी मी तशी पावती बनवायला बसले. ईएडी आहे तिच्याकडे, काम नेटकं करते. वरचा भाग सोपा होता: वस्तू, छटा, नग, किंमत, टॅक्स, मिळालेले पैसे, पैसे कसे मिळाले. खाली रद्द करण्याचा मजकूर. 'तिसऱ्या कामाच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत आपण हा व्यवहार रद्द करू शकता' असं मी लिहिलं. तिच्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, त्यांनी चष्मा लावून ते वाचलं आणि म्हणाल्या, मध्यरात्री कोण फोन करणार आहे, 'रात्री बाराच्या आत' लिही, म्हणजे समजेल. तसं लिहिलं. पावतीच्या दोन प्रती निघतात, एक गिऱ्हाइकाला आणि एक फाइलला. फाइलमधली प्रत ठेवण्याआधी ती समोरच्या बाईकडे फिरवते आणि "बघ गं, बरोबर आहे ना" असं विचारते.